हैदराबादला मी एकटीच येणार

बेंबळी,
६ जानेवारी २०२५

चि. अर्पिता हिस आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडं सगळे ठणठणीत आहेत. फोन असताना आत्याला ही काय अवदसा आठवली, असं तुला वाटेल. पण आमच्या ह्यांना, म्हणजे तुझ्या मामांना, कमी ऐकू येतं म्हणून आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो. तू तिकडं खोकलीस तरी इकडं शेजारीण काढा सांगायला येते. पत्राचं बरं आहे. पोस्टमन दारात आला की सगळ्यांना कोर्टाची नोटीस वाटते आणि जो तो उठून मागच्या दाराला जातो.

तर कारण असं की, तू दिवाळीत म्हणाली होतीस, दोन दिवस हैदराबादला या. मी येते. ८ आणि ९ फेब्रुवारी, शनिवार-रविवार, तुळजापुरावरून बसनं. आणि एकटी येणार. लग्न झाल्यापासून मी एकटी कुठंच गेलेली नाही. दवाखान्यात गेले तरी सोबत चौघी असतात आणि माझा आजार डॉक्टरला त्याच सांगतात. दोन दिवस मला कुणासाठी उठायचं नाही, कुणाला वाढायचं नाही आणि तुझ्याशी पोटभर बोलायचं आहे. माझं हैदराबाद ते एवढंच.

बघायचं-खायचं तू ठरव. शनिवारी मी मटण खात नाही, तेव्हा बिर्याणी रविवारी. बांगड्या मात्र माझ्या पसंतीनं घेणार. कासार दारात आला की रंग थोरल्या जाऊबाई दगडाबाई निवडतात आणि त्यांना हिरव्याशिवाय दुसरा रंग माहीत नाही. मामांना सांगितलंय. बाकी कुणाला कळू देऊ नकोस. एकीला कळलं की जीप भरते.

लोभ आहे तेवढा पुरे, फक्त कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
प्रयाग आत्या

हैदराबाद,
१४ जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसातच नाचले. आत्या, इथं नोकरीला आल्यापासून मी रोज मोबाईल समोर उभा करून जेवते. कुणीतरी ‘अजून घे’ म्हणेल म्हणून जीव आसुसलाय. तुम्ही याच, आणि एकट्याच या. एक तर माझी खोली एवढीशी, त्यात घरमालकीण एकाच पाहुण्याला राहू देते.

बेत असा ठरवलाय. शनिवारी चारमिनार, शेजारच्या लाड बाजारात बांगड्या, मग सालारजंग म्युझियम. तिथं एक मोठं घड्याळ आहे, तास झाला की आतून बाहुला येऊन टोल देतो. रविवारी गोवळकोंडा, हुसेनसागरात बोट, बिर्याणी आणि वर ‘डबल का मीठा’. तो म्हणजे तुपात तळून पाकात बुडवलेला पाव. मामांना सांगू नका, त्यांना साखर आहे.

एक विनंती. येताना ज्वारी आणू नका. मागच्या खेपेला बाबांनी आणलेल्या पोत्यावर मी अजून टीव्ही ठेवते. मामांना सा. न.

वाट पाहण्याचं काम चालू आहे, लोभही चालू असावा.

आपली,
अर्पिता

बेंबळी,
२४ जानेवारी २०२५

चि. अर्पितास आशीर्वाद.

अगं, घात झाला, आणि माझ्याच हातानं झाला.

गावात सप्ताह बसलाय. बाहेरगावी जायचं तर देवाला सांगून निघावं ही आमची रीत, म्हणून मी पंगतीसाठी गुळाची एक ढेप दिली. माइकवर वीरप्पा किराणावाला असतो. ढेप कशाबद्दल ते त्यानं विचारलं, मी सांगितलं. दरसाली पुकारा मामांच्या नावानं होतो आणि पुकाऱ्यात फक्त हिंमतरावांकडून गूळ एवढंच येतं, त्याकडे कुणी कानही देत नाही. पण यंदा सरपंचबाईंनी बायकांची नावं पुकारायचा हुकूम काढला होता, हे मला कुठं माहीत! सगळं गाव पंगतीला बसलेलं, आणि वीरप्पानं गुळानं चिकट झालेलं बोट मिशीला पुसत पुकारलं की प्रयागबाई हिंमतराव या हैदराबादला एकट्या चालल्या आहेत, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्याकडून गुळाची ढेप. एकदा सांगून त्याचं समाधान झालं नाही. मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दगडाबाई वाढता वाढता थांबल्या आणि बुंदीचा झारा हातात घेऊनच त्यांनी जाहीर केलं की आपण जिवंत असताना प्रयाग एकटी जाणार नाही. संध्याकाळपर्यंत क्रूझर जीप ठरली. त्या, त्यांची सून निकिता, वीरप्पाची आई इरम्मा आणि भावकीतल्या आणखी पाचजणी. इरम्माला मोती बघायचेत आणि ती कांदा-लसूणसुद्धा खात नाही. तिची सोय काय, ते सगळ्या मलाच विचारतात. परवा ठरलं की तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवसांच्या प्रयागनंच कराव्यात, तिच्या चांगल्या होतात. म्हणजे मी हैदराबादलाही वाढायलाच येणार.

गोठ्यात जाऊन रडले. म्हशीनं तेवढं पाहिलं. आता गावात बोभाटा झालाय, मोडताही येत नाही. काय करू सांग.

तुझी,
आत्या

ता. क. ज्वारी आणत नाही. पण दगडाबाई आणताहेत.

हैदराबाद,
३० जानेवारी २०२५

ती. सौ. आत्यास शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी ‘सगळ्या येताय, किती छान’ म्हणाले ते स्पीकरसाठी होतं. फोन ठेवून मीही रडले, आणि माझ्याकडे तर म्हैसही नाही.

पण रडून झाल्यावर डोकं चाललं. सोबत नवा बेत मोठ्या अक्षरांत लिहून पाठवते. यात जुनं सगळं आहेच, शिवाय प्राणिसंग्रहालय, बिर्ला मंदिर, मोत्यांची दुकानं आणि इरम्मांसाठी शुद्ध शाकाहारी खाणावळसुद्धा. पहाटे निघालेला माणूस रात्रीशिवाय परत येणार नाही अशी सोय केली आहे. मुक्कामाला धर्मशाळा बोलून ठेवली. हा कागद थोरल्या दगडाबाई आत्यांच्या हातात द्या आणि चारचौघींत सांगा की पुढारीपण त्यांच्याशिवाय कुणाला झेपायचं नाही. कागद हातात आला की त्या मागं वळून पाहणार नाहीत.

आणि तुमचा गुडघा कसा आहे? दुखत नसेल तर शुक्रवारपासून दुखायला लागू दे.

लोभ करावा आणि पाय चोळत राहावं.

आपली,
अर्पिता

बेंबळी,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पितास भरभरून आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. क्रूझरमध्ये दगडाबाई पुढं बसल्या होत्या, तुझा कागद अजून त्यांच्या कमरेला आहे. रस्ताभर चारमिनार त्यांनीच बांधल्यासारखं सांगत होत्या. बाहुल्याचा टोल बघायला गर्दीत उभ्या राहिल्या आणि नेमक्या त्याच वेळी इरम्मा हरवली, म्हणून टोल कुणीच पाहिला नाही. पण सांगताना सगळ्यांनी पाहिलाय. गुडघ्यापायी मी तुझ्या खोलीवरच राहिले म्हणून मला त्या बिचारी म्हणतात आणि रोज संध्याकाळी येऊन गोवळकोंडा सांगून जातात. मीही तोंड पाडून ऐकते.

पोरी, मला काहीही बघायचं राहिलं नाही. तुझी खिचडी खाली लागली होती, तरी मी उठले नाही, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं. तू पातेलं घासत होतीस आणि मी पाय पसरून बघत होते. तुझ्या लहानपणापासूनचं सगळं बोलून झालं, तुझं त्या ऑफिसातल्या कृष्णराजबद्दलचंही (ते मी कुणाला सांगितलेलं नाही). जिन्याखालच्या हातगाडीवरच्या जांभळ्या बांगड्या भरल्यात. दगडाबाईंनी लाड बाजारातून आठवणीनं माझ्यासाठी आणल्या, त्या हिरव्याच. त्या पेटीत ठेवल्यात.

पंचाईत एकच. गाव गुडघ्याची विचारपूस करतं, तेलं आणून देतं, म्हणून लंगडावं लागतं. आणि कोणता पाय ते मला आठवत नाही.

तू जेवताना मोबाईल बाजूला ठेव, त्या वेळी मी फोन करीन. स्पीकरवर का होईना, ‘अजून घे’ म्हणीन. लोभाला तोटा नाही.

तुझी,
आत्या

बेंबळी,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. अर्पिता हिस हिंमतराव मामांचे आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर बोललो तर तुझ्या आत्याला ऐकू जाईल. शिवाय मला ऐकू येणार नाही ते वेगळंच.

गुडघा खोटा आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला कमी ऐकू येतं, दिसतं व्यवस्थित.  एकदा जेवताना विचारलं की हैदराबादला काय पाहिलंस. तिनं सांगितलं की रविवारी ऊन डोक्यावर येईपर्यंत झोपले आणि कुणी हाक मारली नाही. दगडावहिनी चारमिनारबद्दल सांगतात ना, त्याच थाटात सांगत होती. 

दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा मी करतो. पहिला उतू गेला, दुसऱ्यात मीठ पडलं. आता बरा होतो, निदान ती पिते. अडचण वहिनींची. त्या रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात, आणि त्यांची चाहूल लागली की मी पातेलं गुपचूप तिच्या हातात देऊन ओसरीवर पेपर घेऊन बसायचो. पुरुषमाणूस चुलीपाशी दिसला तर त्या गावभर करतील, वीरप्पाचा माइकही लागायचा नाही.

परवा वहिनी आल्या. मी सवयीनं पातेलं पुढं केलं. तिनं ते घेतलं नाही. पाटावर आरामात बसून तिनं वहिनींनाही शेजारी बसवून घेतलं आणि मला सांगितलं की दोन कप ओता, वहिनींना साखर जास्त लागते.

मी ओतले.

लोभ आत्यावर आहेच, थोडा मामावरही असू द्यावा.

तुझा,
हिंमतराव