ओठांवरून आडवं बोट

ता. ४ मार्च

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. कागदावर घालायला बरा पडतो, कपडे मळत नाहीत. इकडे सगळं ठीक. आई गुडघ्याला पट्टा बांधून आम्हाला रागावत असते, म्हणजे तब्येत चांगली आहे. मी त्याच मोबाईलच्या दुकानात आहे. मालकाच्या फोनला मी मांजरांच्या भांडणाची रिंगटोन लावली होती, तरी त्यानं मला अजून काढलेलं नाही. ताई मजेत आहे. जरा जास्तच मजेत. म्हणूनच लिहितेय.

तू म्हणशील, मोबाईल दुरुस्त करणारी पोरगी पत्रं कसली लिहिते? अरे, आपल्या घरात फोनवर गुपित राहतं का? घरात बोलले तर आई ऐकते. गॅलरीत जाऊन बोलले तर ताई काचेतून माझे ओठ वाचते (तिला माझेच तेवढे वाचता येतात). मेसेज करावा तर माझा मोबाईल ती आपलाच असल्यासारखा उघडते. राहता राहिलं पोस्ट.

तर विषय आहे कवळीवाला. ताईचं ज्याच्याशी जमत आलंय तो, तुझ्याच शहरातला. दातांच्या कवळ्या बनवतो. इथे एका लॅबमध्ये सहा महिन्यांसाठी आलाय. रविवारी बहिऱ्यांच्या क्लबात यायला लागला आणि तिथे दोघांची गाठ पडली. (मागच्या पत्रात तू 'मुक्यांचा क्लब' लिहिलंस. तिथे येऊन असं म्हणू नकोस, मार खाशील. तिथल्याइतकी बडबड मी कुठेच बघितली नाही.) तुला माहितीये, क्लबात प्रत्येकाला हातानं करायचं एक नाव मिळतं. त्याचं नाव पुढच्या दातावर बोट. ताईचं गालावरची खळी. माझं शेपटी, कारण मी अध्यक्षांच्या पँटला मागे कागदाची शेपटी चिकटवली होती आणि ते तशीच लावून भाषण करत होते. तुझी आठवण निघाली की ताई ओठांवरून आडवं बोट फिरवते, ते तर तुला ठाऊकच आहे.

मला तो माणूस पहिल्यापासून पटला नाही. बोलताना डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. ताई म्हणते, ओठ वाचतो आणि धंदाच दातांचा आहे, मग कुठे बघणार? बरं. जेवताना डावा हात ताटाभोवती धरतो, कुणी हिसकावून घेईल असा. भिंतीला पाठ लावून बसतो. आता बहिरे सगळेच तसे बसतात, मागून कोण येतंय कळत नाही म्हणून. पण हा बसला की दारावरची नजर सोडत नाही.

त्याची आई येऊन गेली. तिची भाषा आपल्याला येत नाही, आपली तिला येत नाही. मग ती बोलली, त्यानं तिचे ओठ वाचले, हातांनी ताईला सांगितलं, ताईनं मला, आणि मी आईला. कान शाबूत असलेल्या दोन बायकांचा संसारी व्यवहार दोन बहिऱ्यांच्या हातांवर चालला होता! पण ती बाई चांगली पाचेक मिनिटं बोलली, आणि यानं काय सांगितलं? "घर आवडलं." मधलं सगळं कुठे गेलं?

आणि आता खरं. काल तो फोनची काच बदलायला दुकानात आला. बदलून दिली. कॅमेरा चालतोय का बघायला म्हणून त्यानं एका मित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्याकडे पाठ केली. त्याला वाटलं, दिसत नाही. पण कव्हरं टांगतो त्या भिंतीला आरसा आहे. मी भिंगातून दुसराच फोन बघत होते आणि आरशात त्याचे हात.

दोन्ही हातांची बोटं ताठ कर, एक हात उभा, एक आडवा, आणि एकमेकांवर ठेव. झाले गज. आमच्याकडे ह्याला जेल म्हणतात. त्यानं तेच केलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं." मग, "तू पळालास, मी सापडलो." मग, "आतले सगळे लग्नाला या. खळीच्या घरी आत्ता सांगू नको."

मामा, माझ्या हातातला स्क्रू खाली पडला तो अजून सापडलेला नाही.

शहराशहरात थोडे हात बदलतात हे मला माहीत आहे. त्यांचं 'पाणी' वेगळं, आमचं वेगळं. पण गज म्हणजे गजच की.

तू तिथला आहेस, तुला त्यांची भाषा येते. जेलमध्ये कुणाला तरी विचार. आई माझं ऐकणार नाही, म्हणेल शेपटीला चेष्टा सुचतेय. तुझं ऐकते. ताईला लहानपणी वसतिगृहात घालणार होते, तूच जाऊन शाळा बघून आलास आणि नको म्हणालास, म्हणून ती आमच्यात राहिली. एका शब्दावर. तसाच तुझा आताही चालेल.

ताईला कळू देऊ नकोस.

तुझी लाडकी (आई नाही म्हणते),
शेपटी

*

ता. १५ मार्च

ती. मामास,

सा. न. तुझं पत्र दुकानावर मिळालं. मालकाला वाटलं प्रेमपत्र आहे, मी वाटू दिलं.

पण तू हे काय लिहिलंस? "संशय आहे तर नकोच. मी ताबडतोब आईला कळवतो." अरे थांब. मी विचार म्हटलं होतं, कळव नाही. जेलमध्ये कुणाला भेटलास, काय म्हणाले, त्यातलं एक अक्षर नाही पत्रात. गेला होतास ना?

पुरावा मी काढतेय. परवा क्लबात त्याचा रुमाल लांबवला. (चोरी नाही, चौकशी.) कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेला आकडा आहे, ४३. मी विचारलं, "हे काय?" तर हसला आणि म्हणाला, "मी." मामा, जो माणूस स्वतःला आकड्यानं ओळखतो, तो कुठून आला असेल? आणि वर हसतो! मी रुमाल परत दिला, तर त्यानं तो घडी घालून घालून एवढासा केला, चारी कोपरे टोकाला टोक. अशी घडी कुणी मारून शिकवल्याशिवाय बसत नाही.

ताईला काही दिसत नाही. ती केकच्या दुकानात दिवसभर परक्यांची नावं क्रीमनं लिहिते. परवा एका पोराच्या वाढदिवसाच्या केकवर तिनं नावाच्या शेजारी दात काढला. मालकीण रागावली. ताई घरी येऊन मला सांगताना पोट धरून हसत होती.

रविवारी सापळा लावलाय. शेजारच्या बँकेचा वॉचमन आहे, खाकी कपडे, मिशा, सगळा थाट. त्याच्या फोनचा बसका आवाज मी नीट करून दिला, त्या बदल्यात तो क्लबात येईल आणि कवळीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवेल. बस. जेलमधला माणूस खाकी बघून काय करतो ते सगळ्यांसमोर दिसेल.

तोवर आईला लिहू नकोस. आणि हो, लग्न झालं की ताई तुझ्या शहरात जाईल, आणि बाजारात रस्त्याच्या ह्या कडेहून त्या कडेला मी कुणाशी बोलणार, म्हणून मी हे करतेय असं तुझ्या मनात आलं असेल तर ते काढून टाक. ते कारण नाही.

शेपटी

*

ता. २४ मार्च

मामा,

नमस्कार. आज गंमत नाही.

आधी रविवारचं सांगते. वॉचमन आला. मी सांगितलं होतं तसा लाकडी जमिनीवर पाय आपटत आला, म्हणजे तळपायांना हादरा बसून सगळे वळले. सरळ कवळीवाल्याकडे गेला आणि खांद्यावर हात ठेवला. त्यानं खाकी बघितली, ताडकन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

बेड्यांसाठी! मी मनात म्हटलं, सापडला.

तेवढ्यात समोरचा इलेक्ट्रिशियन उभा राहिला. त्यानंही हात पुढे केले. मग कोपऱ्यातली शिंपीणबाई. मग आमचे अध्यक्ष, ते सुद्धा! सगळे पंजे पालथे, बोटं पसरून, आणि हसताहेत. वॉचमन बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. म्हटलं, अख्खा क्लब फरार आहे की काय?

ताई डोळे पुसत माझ्याजवळ आली. "नखं!" म्हणाली.

हॉस्टेल, मामा. क्लबातले बहुतेक कुठल्या ना कुठल्या बहिऱ्यांच्या शाळेच्या हॉस्टेलात वाढलेले. रोज सकाळी तिथला वॉचमन नखं तपासायचा. खाकी दिसली की ह्यांचे हात अजून आपोआप पुढे येतात. त्यांच्या शहरात हॉस्टेलला गज म्हणतात, कारण खिडक्यांना गज होते. ४३ हा त्याचा कपडे धुण्याचा आकडा, सगळ्यांच्या कपड्यांवर शिवायचे. आता कुणी शिवायला सांगत नाही तरी हा शिवतो. पळाला तो मित्र आंबट बोरं आणायला पळाला होता. आणि 'आत्ता सांगू नको' म्हणजे त्याला अख्खी बॅच लग्नाला आणायची आहे, आई एवढ्यांना नको म्हणेल अशी भीती. त्याच्या आईचं ते पाच मिनिटांचं बोलणंही विचारलं. ती म्हणाली होती, जिने फार आहेत, पंखा आवाज करतो आणि चहा पांचट आहे. त्यानं त्यातलं तात्पर्य सांगितलं म्हणे.

मी हसले. आधी हसलेच. त्यानं मला रुमाल देऊन टाकला. म्हणाला, "घे, आता परत चोरायला नको."

मी सोमवारीच तुला लिहिणार होते. पण सोमवारी तुझं पत्र आलं, आईच्या नावावर.

आईनं वाचलं, चष्मा काढला आणि मला म्हणाली, "सांग तिला. मामा नको म्हणतोय."

मी म्हटलं, "आई, हे सगळं मी मामाच्या डोक्यात भरवलं. तो जेलबिलमध्ये नव्हता, शाळेत होता."

"तू भरवलं असशील. पण मामानं चौकशी केल्याशिवाय लिहिलं नसेल."

"त्यानं चौकशी केलेलीच नाही!"

"तू आधी सांग तिला."

घरात आईचा आवाज ताईपर्यंत माझ्याच हातांतून जातो. मी कितीदा तरी वाटेत बदल केलेत. आई 'गाढव' म्हणाली की मी 'वेंधळी' सांगते. पण हे बदलता येईना. सांगितलं.

ताईनं ओठांवरून आडवं बोट फिरवलं. आणि मग विचारलं, "परत?"

मला कळेना. म्हटलं, परत म्हणजे काय? मग ती बोलत सुटली, इतक्या भरभर की मला दोनदा थांबवावी लागली. तिनं कवळीवाल्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, गज म्हणजे काय. त्यानं सांगितलं, माझे मित्र, माझी भाषा, रात्री दिवे घालवल्यावर एकमेकांच्या तळहातावर बोलायचो ते. तिनं त्याला सांगितलं, मीही गजाआड होते, चौदाव्या वर्षी क्लब सापडेपर्यंत. तो म्हणाला, कुठल्या शाळेत? तर तिनं आपलं घर दाखवलं, आणि त्यावर गज ठेवले.

तिथे म्हणे सगळे तोंडं हलवायचे आणि तिला काही कळायचं नाही. ताट पुढे यायचं, कपडे यायचे, हसणं यायचं, पण कशावर हसताहेत ते कुणी सांगायचं नाही. आजोबा गेले तेव्हा तिला वाटलं गावाला गेले, दारात वाट बघत बसायची. आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "शेपटी मधूनमधून भेटायला यायची."

भेटायला, मामा. मी त्याच खोलीत राहत होते.

आई विचारत होती, "काय म्हणते ती? एवढं काय म्हणते?" मी म्हटलं, "काही नाही, रागावलीये." आईला नाही सांगितलं. तुला सांगतेय.

ताई लहान असताना तू तिच्यासाठी शाळा बघायला गेला होतास. आई अजून कौतुकानं सांगते, मामा फाटकातूनच परत फिरला, म्हणाला, शाळा कसली, जेल आहे, खिडक्यांना गज आहेत, पोरीला इथे टाकायची नाही. तू मायेनंच म्हणालास, ते मला माहीत आहे. ताईलाही माहीत आहे. पण फाटकाच्या आत गेला होतास का? आणि आता? कवळीवाल्याची चौकशी केलीस, की ह्या वेळीही बाहेरूनच?

आणखी एक. ओठांवरून आडवं बोट. तू म्हणालास, "माझी मिशी!" आणि इतका खूश झालास की आम्ही कुणी काही बोललो नाही. तू मिशीला तेल लावायला लागलास. मामा, ती मिशी नाही. आमच्या क्लबात त्याचा अर्थ 'नको' असा आहे. ताईनं तुझं नाव ते ठेवलंय.

आई तुझ्या शब्दावर अडून बसली आहे. पत्र पाठवू नकोस. पत्र आलं तर मलाच वाचून हातानं सांगावं लागेल, आणि ते मी ह्यापुढे करणार नाही. तूच ये. रविवारी क्लब उघडा असतो, जिना दुकानाच्या बाजूनं आहे. ताईसमोर बस, उजेडात, हात दिसतील असा. काय म्हणायचं ते मी तुला जिन्यात शिकवीन, फार नाही, एकच हात आहे.

क्लबात नावं बदलतात. अध्यक्षांचं बदललं होतं, माझ्या शेपटीनंतर. ताईला विचारलं, मामाचं बदलशील का? ती म्हणाली, "वर तर येऊ दे."

वाट बघतेय, फाटकाच्या आतून.

तुझी,
शेपटी