बगळ्याचा आत्मा आणि काळ्या मुंग्या

२८ एप्रिल
ग्रंथालयासमोरच्या हिरवळीवर निळ्या बगळ्याचं शिल्प बसवायचं ठरलं. ग्रंथपाल कोरीन थिबोडोने दारावर कागद लावलाय. ‘इच्छुक शिल्पकारांनी १५ ऑगस्टला आपलं काम घेऊन यावं.’ हे अनेकवचन कशाला? या गावात शिल्पकार एकच. माझ्या कार्डावर स्पष्ट छापलंय : वेंडेल प्रूट, निसर्गशिल्पकार.
संकल्प : चार महिने दलदलीकाठच्या झोपडीत राहायचं. फोन नाही, वीज नाही. फक्त मी आणि निसर्ग.
बायकोला, लोरेनला, सांगितलं. ती दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, तिला कलेतलं फारसं कळत नाही. म्हणाली, “जा बाबा. रबरी बूट ने.”

२ मे, सकाळ
झोपडीत आलो. निसर्गाच्या कुशीत.

२ मे, दुपारी दोन
निसर्गाच्या कुशीला सडक्या अंड्यांचा वास येतो. चिखल गुडघ्यापर्यंत. बारीक काळ्या माश्या कानात, नाकात, एक घशात. गिळली. मांडीवर गोचीड. शी!

२ मे, संध्याकाळी पाच
घरी आलो. फक्त कॉफीचा डबा न्यायला.

११ मे
कॉफीचा डबा सापडत नाही. तोवर गॅरेजमध्ये काम करणार. लोरेनची गाडी बाहेर काढली. म्हणाली, “किती दिवस?” कलेला किती दिवस विचारतात का कोणी!

१९ मे
जंगलातून एक आडवं पडलेलं मोठं खोड ओढून आणलं. आत पोकळ, वरून बुरशी, हात लावला की बुळबुळीत. किळस आली. पण याच्यात बगळा दडलाय हे मला तत्काळ दिसलं. लोरेनला त्यात काळ्या मुंग्या दिसल्या. दृष्टीदृष्टीत फरक असतो.

३ जून
समोरच्या घरातली आर्डिथ क्रॉली आली. वय ७६. आयुष्यभर शाळेची बस चालवली, आता शिकाऱ्यांसाठी लाकडी बदकं कोरते. पाण्यात सोडली की खरी बदकं फसतात म्हणे. फसणारच, बदकंच ती. ती म्हणाली, “अरे वेंडेल, मीपण करते म्हटलं एक बगळा.” मी तिला मोठ्या मनाने उत्तेजन दिलं. म्हातारपणी विरंगुळा हवाच.
मग तिने माझं खोड टिचकी मारून पाहिलं. म्हणाली, “हे आतून खाल्लंय रे. फेकून दे, मी तुला सीडरच्या लाकडाचा चांगला ओंडका देते.” मी म्हटलं, बाई, निसर्ग मी निवडत नाही, निसर्ग मला निवडतो. ती म्हणाली, “बरं.”

१४ जून
मुंग्या स्वयंपाकघरात आल्या. पावाच्या डब्यात, साखरेत, आणि आज सकाळी लोरेनच्या टूथब्रशवर. मी समजावलं की मुंगी हा निसर्गाचा घटक आहे. लोरेनने बॅग भरली. बँगोरला बहिणीकडे, नदीनकडे, चालली. दारात म्हणाली, “ते खोड आणि त्या मुंग्या घराबाहेर गेल्या की फोन कर.” थोर बाई. मला एकांत मिळावा म्हणून एवढा त्याग.

१५ जून
एकांत. डब्यातले बीन्स.

२१ जून
एकांत. डब्यातले बीन्स. त्यातही एक मुंगी.

५ जुलै
मी अजून बगळा जवळून पाहिलेला नाही, हे काल लक्षात आलं. तसं पाहण्याची गरज नाही, आत्मा माझ्याकडे आहेच. पण वर्तमानपत्रवाल्यांनी मुलाखतीत विचारलं तर? आर्डिथ रोज सकाळी तिच्या होडीतून कुठेतरी बगळे बघायला जाते. उद्या तिच्याबरोबर जाणार. तिला माझं निरीक्षण पाहून शिकता येईल.

६ जुलै
वहीलाही वास लागलाय, तरी लिहितो.
दलदलीपलीकडे वाळलेल्या झाडांवर बगळ्यांची वसाहत आहे. चाळीसेक घरटी. खाली विष्ठेने सगळं पांढरं. सडलेल्या माशांचा वास असा, की डोळ्यांतून पाणी. आर्डिथने होडी लांब थांबवली. डोक्यावर टोपी घातली, वही काढली आणि तोंड मिटून बसली. एक तास! मी तिला रेषेचं महत्त्व समजावत होतो. ती म्हणाली, “गप्प बस, वेंडेल. पिल्लं घाबरतील. आणि उतरू नकोस.”
मी उतरलो. निसर्ग लांबून कळत नाही. थेट घरट्याखाली उभा राहिलो, हात पसरले, आणि बगळ्यांना मोठ्याने साद घातली.
घाबरलं की बगळ्याचं पिल्लू खाल्लेलं ओकून टाकतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (आर्डिथ म्हणते तिने सांगितलं होतं.) वरून अर्धवट पचलेले मासे. एक, दोन, मग सगळ्या बाजूंनी. एक बेडूकही. शर्टाच्या आत गेला.
परतीच्या वाटेवर आर्डिथ पाठ करून वल्हवत होती. तिचे खांदे हलत होते. वल्हवल्यामुळे असेल.

७ जुलै
चार वेळा आंघोळ. वास जात नाही. बगळा हा अत्यंत घाणेरडा पक्षी आहे.

९ जुलै
निर्णय : बगळा करायचा नाही. बगळ्याचा आत्मा करायचा. चोच, पंख, पाय या बाळबोध गोष्टी आर्डिथने कराव्यात.

२ ऑगस्ट
पूर्ण. आठ फूट. लोरेनला फोन करून वर्णन केलं. ती म्हणाली, “मुंग्या?” मी म्हटलं, शिल्पाबद्दल बोल ना! ती म्हणाली, “मी मुंग्यांबद्दलच बोलतेय रे, दोन महिने.” फोन ठेवला. भारावून गेली असावी.

१५ ऑगस्ट
ग्रंथालय. गावातली साठ-सत्तर माणसं. कोरीनने माझ्या शिल्पाभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “कपडे वाळत घालायचं आहे का हे?” मी शांतपणे म्हणालो, हा आत्मा आहे. पोस्टातला डेल म्हणाला, “आत्म्याला भोक पडलंय.” त्याने बोट लावलं. बोट आत गेलं. मग हात. मग वरचे पाच फूट हळूच वाकले आणि कोरीनच्या सँडविचच्या टेबलावर पडले. आतून मुंग्या निघाल्या. हजारो. पंखवाल्यासुद्धा. बाया किंचाळत खुर्च्यांवर चढल्या. मीही एक खुर्ची गाठली.
अंगण झाडल्यावर आर्डिथने आपल्या बगळ्यावरची चादर काढली.
एका पायावर उभा. मान आत ओढलेली. आता हलेल असं वाटून लोक कुजबुजायला लागले. मी शर्टावरच्या मुंग्या झटकत राहिलो.

१६ ऑगस्ट
आर्डिथचा बगळा निवडलाय. निवडणारे अडाणी आहेत.

१८ ऑगस्ट
आर्डिथ आली. मी दार उघडत नव्हतो, ती मागच्या दाराने आली. म्हणाली, “माझ्या बगळ्याला चौथरा हवाय. एका पायावर आहे, भक्कम पाहिजे. माझ्याच्याने आता जड काम होत नाही. सीडरचा ओंडका आहे. करशील?”
चौथरा! अकरा वर्षं शिल्पकला करणाऱ्या माणसाला! मी म्हटलं, विचार करून सांगतो.

१९ ऑगस्ट
खोडाचे उरलेले तुकडे अंगणात जाळले. धुराने डोळे चुरचुरले.

२२ ऑगस्ट
आर्डिथच्या शेडमध्ये गेलो. सीडरचा वास बरा असतो.

२६ ऑगस्ट
दिवसभर तासलं. ती एकदा म्हणाली, “डावीकडे केसभर जास्त आहे.” होतं.

३१ ऑगस्ट
पॉलिशपेपर. तिसरा हात. बगळा वर ठेवून पाहिला. डुलत नाही.

४ सप्टेंबर
कोरीन विचारायला आली, पितळी पाटीवर आर्डिथच्या नावाखाली माझंही घालायचं का. मी सुनावलं, चौथऱ्यावर नाव मिरवणारा मी कलावंत नव्हे! ती म्हणाली, “जशी तुझी मर्जी.” चांगली जिरवली.

१२ सप्टेंबर
उद्घाटन. लोरेन नदीनबरोबर आली. केस कापलेत. बगळ्यापुढे बराच वेळ उभी होती. मग खाली वाकली आणि चौथऱ्याच्या कडेवरून हात फिरवला. एकदा, परत एकदा.
म्हणाली, “हे किती सुरेख केलंय कोणीतरी. कोणी केलं रे?”
मी म्हणालो, मी.
तिने हात काढला. पाटीवरचं आर्डिथचं एकटीचं नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. म्हणाली, “आज तरी थापा नको रे, वेंडेल.”
मी बरं म्हणालो.