मेलेली दहाची नोट

९ फेब्रुवारी, सोमवार. संध्या. ६.४०
आज काउंटरवर दोन लाख चौदा हजार मोजले. त्यात ताकाचा वास मारणारे अकरा हजार, तंबाखूच्या डबीतून निघालेले साडेतीन, आणि एका बाईने कमरेच्या पिशवीतून काढलेली वीसची गड्डी. माझ्या हातात पडली तेव्हा ती कोमट होती. कोमट! शिवाय समोर येणारा प्रत्येक जण आधी बोट जिभेला लावतो, मग नोटा मोजतो, मग मला देतो. बावीस वर्षं मी बदनापुरात पतसंस्थेत बसून लोकांची थुंकी मोजतो आहे. हुद्दा रोखपाल.
घरी येऊन तीनदा हात धुतले. चौथ्या वेळी साबण संपला.
संकल्प: ऑफिसात हातमोजे. ऑफिसबाहेर नोटेला स्पर्श नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
हातमोजे घालून बसलो. मॅनेजर राजानंद साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, लोक विचारून राह्यले, रोखपालाला काय लागण झाली? केदारखेड्याचा एक खातेदार तर घाबरून ठेव काढायला आला. हातमोजे काढा.
काढले. काळाच्या पुढे असणाऱ्या माणसाला केबिनमध्ये बोलावलं जातंच.

११ फेब्रुवारी, बुधवार
कडूबाच्या टपरीवर चहा. मी नोट वापरत नाही म्हटल्यावर म्हणाला, मंग स्कॅनरवर टाका की, साहेब. एवढं सोपं असतं तर मी कशाला विचार केला असता? स्कॅनरवर जातो तो तोच रुपया. तीच थुंकी, फक्त आंघोळ करून आलेली. मला रुपयाच नको आहे. मला हवं आहे ते मुळातच हाताशिवाय जन्मलेलं चलन. क्रिप्टो. दहा वर्षांत सगळं जग तिथे येणार. बदनापूर बाराव्या वर्षी.
हे सगळं कडूबाला समजावलं. तो म्हणाला, बरोबर आहे, दहा रुपये द्या.
उधार ठेवला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
स्टेशनजवळ तन्वीरचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. पोरगेलासा दिसतो, पण चाळिशीचा आहे आणि सरळ आहे. त्याच्याकडून मोबाइलमध्ये क्रिप्टोचं पाकीट टाकून घेतलं. पाकीट म्हणायचं, पण चामडं नाही, वास नाही, आत विमा एजंटाचं कार्ड नाही. डोळ्यांत पाणी आलं.
तन्वीरने बारा इंग्रजी शब्द दाखवले. म्हणाला, सर, मोबाइल गेला तर हे बारा शब्दच तुमचे पैसे. नव्या मोबाइलमध्ये टाकले की पाकीट खुलतं. शब्द गेले तर मंग कुणाचा बापबी काही करू शकत न्हाई. बँक न्हाई, साहेब न्हाई, अर्ज न्हाई. कागदावर बराबर लिहा अन् चोराला सुचणार न्हाई अशा जागी ठेवा. आणि थोडेच पैसे टाका, बघा, मंग वाढवा.
थोडेच! घाबरट माणूस.

१४ फेब्रुवारी, शनिवार
नव्वद हजार टाकले.
पैसे माझ्या बायकोचे, शालूचे आहेत. म्हणजे आमचे. म्हणजे तिच्या भिशीचे. पुंजारामची पिठाची गिरणी विकायला आहे, ती पाडव्याला घ्यायचं तिच्या मनात आहे. तोवर नीट ठेवा म्हणून गड्डी माझ्याकडे दिली होती. मी नीट ठेवले. पतसंस्थेपेक्षा नीट. कुठे ठेवले ते तिने विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
बारा शब्दांसाठी जागा सापडली. अशी जागा जगात कुणाला सुचली नसेल.
घरात एक फाटकी दहाची नोट पडून आहे. मधोमध दोन तुकडे, ऑफिसच्या पांढऱ्या टेपने फुलीसारखे जोडलेले. कडूबाने नाकारली, कंडक्टरने नाकारली, मी स्वतः काउंटरवर अशी नोट फेकून देतो, वर लेक्चर देतो. ही नोट मेलेली आहे. उद्या घरात चोर शिरला तर ताटंवाट्या नेईल, ही नोट ठेवून जाईल.
नोटेवर लिहिणाऱ्यांना आजवर मी शिव्या घातल्या. पण मयताच्या अंगावर लिहिणं वेगळं. निळं जेल पेन, बारीक सुंदर अक्षर. बारा शब्द. त्यात एक कांदा आणि एक गाढव, दोन्ही इंग्रजीत. नोट गेल्या वर्षीच्या पंचांगात ठेवली. जुनं पंचांग कोण उघडतो?
सवयीने नोटेचा नंबर इथे लिहून ठेवतो: शेवटी ४१९. बारा शब्द मात्र इथे लिहीत नाही. रोजनिशी कुणी वाचली तर?

२१ फेब्रुवारी, शनिवार
ऐतिहासिक दिवस. तन्वीरकडून मोबाइलचं कव्हर घेतलं आणि क्रिप्टोत पैसे दिले. कव्हर ऐंशी रुपयांचं. पाठवणावळ एकशे चाळीस. पैसे पोचायला पन्नास मिनिटं लागली, तोवर दुकानात स्टुलावर बसून राहिलो. तन्वीरचा रोजा होता, त्यामुळे बिचाऱ्याला चहा मागवून माझी कटकट थांबवताही येईना. म्हणाला, सर, पुढच्या टायमाला कव्हर फुकट घेऊन जा.
रस्ता नवा असला की टोल जास्त पडतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार
नव्वदचे शहाण्णव झाले. हात न लावता! कडूबाला सांगितलं. म्हणाला, मंग उधारीचे एकशे दहा द्या. क्षुद्र माणूस. पैसे वाढताना काढायचे नसतात. काढले तर वर तीस टक्के कर.
संकल्प: शालूची गिरणी झाली की गिऱ्हाइकांकडून क्रिप्टोच घ्यायचं. दळण व्हायला तसाही वेळ लागतो. तेवढ्यात पोचेल.

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आठ दिवसांनी नळ आला. हौदात पाइप सोडायला वाकलो. मोबाइल शर्टाच्या खिशात होता. आता हौदात आहे.

तेच. ७.३०
काढला. आतून पाणी गळतंय. काळजी नाही. मूर्ख लोक असतात ते घाबरतात, मी व्यवस्था केलेली आहे.

तेच. सकाळी १०
तन्वीर म्हणाला, गेला. पूर्ण गेला. बारा शब्द आणा, दुसऱ्या मोबाइलमध्ये टाकून देतो, दोन मिनिटांचं काम.
घरी आलो. पंचांग नाही.

तेच. दुपारी
शालूने पाडव्याची साफसफाई काढली आहे. पंचांग रद्दीत गेलं. नोट? हो, सापडली की, म्हणाली. चालवली. कशी चालवली? दोन चांगल्या नोटांच्या मधात घातली अन् कमरबीकडून वांगे घेतले. मी म्हणालो, ती मेलेली होती. शालू म्हणाली, तुम्हाला चालवता येत न्हाई म्हणून मेली काय?

३ मार्च, मंगळवार
ऑफिसला दांडी. कमरबी मंडईच्या कोपऱ्यावर भाजी विकते. नोट मागितली. म्हणाली, भाऊ, ती तर मी त्याच दिवशी चालवली. लिंबूवाल्याला. का हो, सोन्याची होती काय?
लिंबूवाल्याने मीठवाल्याला दिली. मीठवाला धावड्याच्या बाजाराला गेला होता, तिथे कुणाला तरी खपवली. जी नोट मला तीन आठवड्यांत एक कप चहा देऊ शकली नाही, ती चोवीस तासांत तालुका ओलांडून गेली. किळस आली. नोटेची नाही, लोकांची. इतकी फसवाफसवी, आणि सगळे हसून सांगतात.
शब्द आठवून बघितले. कांदा आठवतो. गाढव आठवतं. बाकी दहा नाही.

५ मार्च, गुरुवार
कव्हरचे पैसे पाठवले होते, त्यावरून तन्वीरच्या मोबाइलवर माझं पाकीट बाहेरून दिसतं. एक लाख चार हजार. दिसतात, पण हात लावता येत नाही. पैशाला हात लावायचा नाही हा संकल्प पुरा झाला.
शालूने विचारलं, पुंजाराम इसार मागून राह्यला, पैसे कधी काढता? म्हणालो, पाडव्याला. योग्य वेळी.

७ मार्च, शनिवार
साधी गोष्ट आहे. गावातली प्रत्येक नोट कधी ना कधी माझ्या काउंटरवर येतेच. नुसतं बसायचं. दोन दिवस दहाची प्रत्येक नोट उलटसुलट बघितली. राजानंद साहेब खूश. म्हणाले, आता कसं मन लावून काम करता.
एकही फाटकी नोट आली नाही. दोन दिवसांत एकही नाही!

९ मार्च, सोमवार
कारण कडूबाने सांगितलं. म्हणाला, साहेब, तुमच्या काउंटरवर फाटकी नोट आणायची कुणाची हिंमत हाय? बावीस साल तुम्ही तोंडावर फेकल्या. आता जवळ फाटकी असली तर लोक आधी बाहेर चालवतात, मंग तुमच्याकडे येतात.
हे म्हणजे माझ्या कर्तव्यदक्षतेचं सर्टिफिकेटच आहे. घरी येऊन थोडं रडलो.

१० मार्च, मंगळवार
साहेबांना प्रस्ताव दिला: संस्थेने फाटक्या नोटा बदलून द्याव्यात. साहेब म्हणाले, तुमच्या पदरच्या पैशांनी बदला. बिलकुल, म्हणालो. खात्यातून पाच हजार काढले. दहाच्या कोऱ्या नोटा. हातात घेतल्या. अपवाद म्हणून.
कडूबाच्या टपरीवर पाटी लावली: ‘फाटक्या दहाच्या नोटा बदलून मिळतील.’ पाटी लावायचे कडूबाने वीस घेतले. रोख.

१३ मार्च, शुक्रवार
तीन दिवसांत चारशे बारा नोटा. केदारखेडा, धावडा, कुठून कुठून. उंदराने कुरतडलेल्या. तेलात तळलेल्या. एकीला च्युइंगम, च्युइंगमला केस. एक म्हातारा थेट घरी आला आणि म्हणाला, हिचा अर्धाच तुकडा हाय, पाच तरी द्या. एवढी फाटकी संपत्ती या जिल्ह्यात कोणत्या कनवटीला होती? आणि इतकी वर्षं हे सगळं सुखाने चाललं होतं!
सगळ्या गोणीत भरून माळवदावर नेऊन ठेवल्या. हात घालवेना. वासाने मांजर खाली उतरलं.
तन्वीरकडे बघितलं: एक लाख बारा हजार.

१५ मार्च, रविवार. सकाळी
शालू माहेरी, संध्याकाळी येणार. आज गोणी तपासायची. पण असा हात घालणं शक्य नाही, माणसाने काही पातळी सांभाळली पाहिजे. टबात कोमट पाणी, धुण्याची पावडर, दोन झाकणं जंतुनाशक. नोटा अर्धा तास भिजत घातल्या. मग हलक्या हाताने चोळल्या. मग पुन्हा एका पाण्यातून काढल्या. साडीच्या दोरीवर चिमट्यांनी ओळीने वाळत घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा रोकड बघून प्रसन्न वाटलं. काय तो सुवास!

तेच. दुपारी १२.२०
तिसऱ्या ओळीत सापडली. पांढऱ्या टेपची फुली. नंबर शेवटी ४१९.
अगदी स्वच्छ आहे.

तेच. १२.५०
भिंगातून बघितली. उन्हात धरली. तन्वीरकडे नेली. त्याने बल्बखाली धरली. म्हणाला, सर, कोणतं पेन होतं? जेल, म्हणालो. त्याने नोट हळूच माझ्या हातात ठेवली. टेपच्या कडेला थोडा निळा रंग आहे. त्यात काही अक्षर नाही.

१६ मार्च, सोमवार
शालूला सांगितलं. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. नाही केला. विचारलं, सगळे गेले? म्हणालो, आहेत गं, तन्वीरच्या मोबाइलवर दिसतात. चल, दाखवतो. ती आली नाही. स्वयंपाकघरात जाऊन बसली. जेवायला वाढलं, पण वाढताना माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च, बुधवार
शालूने माझी मोटारसायकल विकली. विकत घेणाऱ्याने नोटा जिभेला बोट लावून मोजल्या. तिनेही लावून मोजल्या. पुंजारामला इसार दिला. बाकीचे दर महिन्याला फेडायचे. पुंजारामने ना कागद मागितला ना शब्द. म्हणाला, वहिनी, तुम्ही म्हणता ना, झालं मंग.
मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गिरणीवर बसायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते लिहीत नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा
गिरणी सुरू झाली. गिऱ्हाईक पहाटेपासून. नोटांना आता पिठाचाही वास.
दुपारी चहाला दहा रुपये मागितले. शालूने डब्यातून ४१९ काढून दिली. म्हणाली, एवढी धुतली आहे, वापरा.
कडूबाकडे गेलो. त्याने नोट घेतली. उजेडाकडे धरली. टेपवरून अंगठा फिरवला. उलटी केली. थेट मी करतो तसं. आणि परत दिली. ही चालणार न्हाई, साहेब, म्हणाला. चहा प्या, वहिनी इकडून गेल्या की त्यांच्याकडून घेतो.
चहा न पिता आलो. नोट शालूला परत दिली.
पाच मिनिटांत ती कमरबीकडून कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. वर दोन मिरच्या.