सत्ताविसातून नऊ

जिंतूर, मंगळवार, १९७९. संध्याकाळ.

घरमालकीणकाकूंनी आज स्पष्टच सांगितलं, "बाई, त्या विमलला आत घेऊ नका. वट्ट्यावर शिकवा." विमल माझ्या दहावीच्या वर्गातली, बौद्ध वस्तीतली मुलगी. विद्यापीठाच्या नामांतराची गडबड झाल्यापासून काकूंचं हे सुरू झालंय. मी भांडले नाही. का नाही, कोण जाणे. सतरंजी उचलली आणि मीही बाहेर जाऊन बसले.

क्ष अधिक एक छेद क्ष बरोबर तीन, तर दोन्हींच्या घनांची बेरीज किती? विमल तिनाचा घन करून सत्तावीस लिहायची नि थांबायची. पुन्हा सत्तावीसच. सूत्रातली मधली पदं विसरायची.

"सूत्र आधी पूर्ण लिही," म्हटलं. तिनं लिहिलं, सत्ताविसातून नऊ वजा केले.

"अठरा, बाई?"

अठराच.

तेवढ्यात काकूंची सुमन वही घेऊन बाहेर आली. तीही दहावीलाच. विमलला खेटून बसली. "माझं बी सत्तावीसच यायलंय. हे नऊ कुठून आले, दाखव की."

"सुमे, आत ये!" काकू दारातून ओरडल्या.

सुमननं मान वर केली नाही. "थांब गं माय, मला अजून जमलं न्हाई."