मामांच्या पॉलिशचा डबा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी बऱ्या ना? इकडे सगळे मजेत, मी सोडून.

तुम्ही जीव ओतून पॉलिश केलेल्या कपाटाला तुमच्या ताईने, म्हणजे आमच्या आईने, हिरवा ऑइलपेंट फासला आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठून गेलात. त्या गडबडीत तुमचा लाखेच्या पॉलिशचा डबा इथेच राहिला. परवा आईने फर्मान काढलं, की मामाचा डबा पार्सलने धाड. किरकोळ काम, असं मलाही वाटलं.

कुरिअरच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? मी खरं सांगितलं. (आईने लावलेली सवय, आजवर फायदा शून्य.) पॉलिशमध्ये स्पिरिट, स्पिरिट पेट घेतं, म्हणजे हा धोकादायक माल, असं म्हणत त्यांनी डबा पेनाच्या टोकाने माझ्याकडे ढकलला. डबा पिशवीत हवा, पिशवीभोवती गळती शोषणारं काहीतरी हवं, खोकं दणकट हवं, त्यावर ज्वाळेचं चित्र आणि वरची बाजू दाखवणारे बाण. मी सुताराकडून भुसा आणून भरला. भुसा स्वतःच पेटतो, म्हणून नापास. बॅटरीवाल्याकडून दणकट खोकं आणलं, तर त्यावर ॲसिडची खूण, म्हणजे कागदोपत्री मी आता ॲसिडही पाठवत होतो. खूण काळ्या शाईने बुजवली, तर बाईंना संशय, की खाली काय लपवलंय. शेवटी सगळं जमलं, तेव्हा कळलं की सही प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचीच लागते. त्यांच्याकडचे तसे एकमेव साहेब प्रशिक्षणालाच गेले होते!

घरी येऊन आईपुढे डबा आदळला. ती शांतपणे म्हणाली, "धोकादायक डबा नाही, तुझा मामा आहे. आणि त्याला जायला खोकंसुद्धा लागलं नाही." मग बराच वेळ ती डब्यावरची धूळ पुसत बसली. मामा, मला तिचं फार वाईट वाटलं.

मामींना नमस्कार.

तुमचा त्रासलेला भाचा

ता. क. पत्र लिहून झाल्यावर शंका आली म्हणून डबा उघडला. तुम्ही रागात झाकण नीट लावलं नव्हतं. स्पिरिट केव्हाच उडून गेलंय आणि आत दगड झालाय. एवढे हेलपाटे मी दगडासाठी घातले. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, मग साधं पार्सल करा की. मी हात जोडले आणि घरी आलो.

आणखी एक ता. क. हे आईला न विचारता लिहितोय. ती रोज दुपारी सँडपेपर घेऊन कपाटाचा हिरवा रंग खरवडते. एक दार मोकळं झालंय. दुसऱ्याला मला हात लावू देत नाही. म्हणते, ते मामा आला की करेल. पॉलिश इथल्या दुकानात मिळतं. तुम्ही नुसते या.