शिवणखोलीतली शिट्टी

३ नोव्हेंबर
पुन्हा शिट्टी! छातीतून. थिएटरच्या तळघरातल्या शिवणखोलीत, नाटकाचा झगा बेतताना. वन्संनी मशीन थांबवलं. 'कुकर लावलायस का आत?' हसू आलं, त्यानं आणखी दम लागला. दम्याचा पंप ओढला तेव्हा कुठे जीवात जीव आला.

६ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलंय, ते न्यायला लॅबचा माणूस घरी आला. वन्संनीही बाही वर सारली — 'आलाच आहात तर माझंही घ्या. मला काय धाड भरलीय, कळू दे एकदा!'

९ नोव्हेंबर
माझं व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच! वन्सं ठणठणीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'दम्याशी त्याचा संबंध असेलही, नसेलही. छातीठोक कुणी सांगत नाही. पण कमी आहे ते भरून काढू. पंप मात्र सोडायचा नाही.' गोळ्या, आणि रोज ऊन. तळघरात सूर्य उगवला काय नि मावळला काय!

१८ नोव्हेंबर
दुपारी थिएटरच्या गच्चीवर बसते. खाली आले की वन्सं — 'झालं का महाराणींचं लोळून?' त्यांना चला म्हटलं. 'मला कुठे काय झालंय!'

५ डिसेंबर
जिना एका दमात चढले.

९ डिसेंबर
शिट्टी वाजली. माझी नाही — श्वास रोखून पाहिलं, तरी वाजतेच! कोपऱ्यात झगे चढवायचे बिनडोक्याचे पुतळे उभे असतात, तिकडून. जवळ गेले तर बंद. पुतळ्यांमागून वन्सं कापडाचा तागा घेऊन आल्या. 'पाइप असेल,' म्हणाल्या. ओठ राखाडी दिसले. इथला उजेडच तसला मेला.

१२ डिसेंबर
आज एका पुतळ्याच्या छातीला कान लावला. वेड लागलंय मला! आत चिडीचूप. मग अगदी मानेमागे — शिट्टी. वळले. वन्सं सुईत दोरा ओवत होत्या. 'भूत... बघितल्यासारखी... काय बघतेस?' एवढं एक वाक्य, पण तीन तुकड्यांत. विचारावंसं वाटलं, जीभ रेटेना. रिपोर्ट चांगला आहे ना त्यांचा!

१३ डिसेंबर
वन्सं मशीनवरच कोसळल्या. नखं निळी. माझा पंप त्यांच्या तोंडाशी धरला, ओरडून माणसं गोळा केली. आता दवाखान्यात आहेत, ऑक्सिजनवर. डॉक्टरीणबाई — 'दमा यांनाही आहे. बऱ्याच दिवसांचा. बोलल्या का नाहीत?'

१५ डिसेंबर
वन्सं दोन घोट पाणी प्यायल्या. 'रिपोर्टच म्हणाला, काही नाही. मग कुरकुर कशाला करायची?'

१६ डिसेंबर
लॅबचा फोन. चिठ्ठ्या चिकटवताना आमच्या दोघींच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती.
महिनाभर मी वन्संच्या वाटचं ऊन खाल्लं.