हॅलो म्हणायची शिकवणी

प्रिय जराधरा हिला,

शेजारच्या खुर्चीवरून वाकून केलेला नमस्कार पोचावा. तू वयानं मोठी म्हणून वाकून, आणि मैत्रीण म्हणून फार नाही. (तसंही आता वाकलं की उठताना कुणाला तरी हाक मारावी लागते.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा गुडघा अजून कुरकुरतो, की डॉक्टर बदलल्यावर गप्प बसला? तुझं मांजर त्यांच्याच उशीवर झोपतं का अजून? इकडे सगळं ठीक. चिरंजीव पोट सुटल्याची तक्रार करत रोज दुसऱ्यांदा वाढून घेतात, सूनबाई वाचनालयातल्या नोकरीत रमल्यात, आणि नात मला 'जुनं मॉडेल' म्हणते. ते ती लाडानं म्हणते असं मी धरून चालले आहे.

बातमी अशी की मी पुन्हा कामाला लागले. दचकू नकोस. पगार नाही, हजेरी नाही, आणि मागून फिरणारी ती आपली सुपरवायझर, करवत, तीही नाही. (मेलीनं आपल्या जन्माची पाठ ताठ करून ठेवली.) झालंय असं, की सूनबाईंचं वाचनालय, इथलं कॉलेज, हॉस्पिटल आणि बाजारातले दुकानदार यांनी मिळून एक मोट बांधली आहे. आसपासची जी मुलं शाळा संपवून 'आता काय' म्हणून कट्ट्यावर बसलेली असतात, त्यांना कॉलेजसाठी आणि नोकरीसाठी तयार करायचं. वाचनालयानं जागा द्यायची, कॉलेजनं मास्तर द्यायचे, हॉस्पिटलनं आणि दुकानांनी काम शिकवायचं. उपक्रमाचं नाव 'पुढचं दार'. (सगळ्यांना आत घेतात मात्र मागच्या दारानं, कारण पुढचं फुगून बसलंय.)

मुलं हुशार आहेत गं. अर्ज असे लिहितात की आपण वाचतच राहावं. पण फोन वाजला की यांच्या तोंडचं पाणी पळतं. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून निवडीसाठी फोन गेले, तर एकीनं फोन आईच्या हातात कोंबला, एकानं कापला आणि उलट 'कोण?' असा संदेश पाठवला, आणि एक पठ्ठ्या फोन वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे सापाकडे बघावं तसा बघत बसला म्हणे. सूनबाईंनी जेवताना हे सांगितलं आणि यांना बोलायला कोण शिकवणार, असा उसासा टाकला. त्यावर चिरंजीव तोंडात घास असताना म्हणाले, "आई आहे की! ती रॉंग नंबरवाल्याच्याही घरच्यांची चौकशी करते." ते बोलले थट्टेत, पण सूनबाईंनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी ओळखलं, आपली वर्णी लागली.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरतो. उपक्रमातल्या हार्डवेअरवाल्यांनी त्यांच्या गोदामातले दोन जुने फोन आणून जोडून दिले. एक माझ्या टेबलावर, दुसरा पलीकडच्या अडगळीच्या खोलीत. एकेकानं तिकडे जायचं, मी इकडून घंटी द्यायची. पहिल्या दिवशी एकानं रिसीव्हर उलटा धरला आणि पाच मिनिटं ऐकायच्या भागात मुलाखत दिली. मग मी आपली सगळी विद्या बाहेर काढली. पाठ ताठ, हनुवटी वर, आणि बोलताना हसायचं, कारण हसू तारेतून ऐकू जातं. ही मुलं बोलतात मात्र अगदी पुटपुटत. एक मिशीवाला दणकट मुलगा नर्सरी काढायची म्हणाला, तर मी त्याला गुलाबाची कलमं गिऱ्हाइकाला कशी सांगावीत इथपासून शेणखतापर्यंत सगळं शिकवलं. त्यानंही नीट उत्तरं दिली. शेवटी बाहेर येऊन अदबीनं म्हणाला, "बाई, मला नर्सिंगला जायचंय."

रिसीव्हर हातात घेतला ना, की मला आपल्या टेलिफोन एक्सचेंजचा तो लांबलचक हॉल दिसतो. भिंतभर भोकांचे बोर्ड, त्यात लुकलुकणारे दिवे, एकमेकींवरून जाणाऱ्या दोऱ्या, आणि तापलेल्या तारेचा वास. करवतीच्या चपलांना आवाज नव्हता, म्हणून तिच्या खोकल्याच्या गोळीचा वास आला की आपण सगळ्या एकदम सरळ व्हायचो. माझा पहिला दिवस तुला आठवतो? मला सगळं पाठ होतं. समोर दिवा लागला, मी दोरी खोचली, कानात एक पुरुष 'हॅलो' म्हणाला, आणि माझी दातखीळ बसली. तो 'हॅलो, हॅलो' करतोय, गोळीचा वास जवळ येतोय, आणि तू आपल्या खुर्चीतून झुकून माझ्या तोंडासमोरच्या माईकमध्ये हुबेहूब माझा बारीक आवाज काढून म्हणालीस, "नंबर प्लीज." तो मोठा मंत्रीबिंत्री असेल असं मला वाटलं होतं. निघाला गादीवाला. मग जेवणाच्या सुट्टीत तू मला हात धुवायच्या खोलीतल्या आरशासमोर उभं केलंस आणि "जरा धरा, जोडून देते" एवढंच म्हणायला लावलंस, मला हसू फुटेपर्यंत. तेव्हापासून तू जराधरा. आपल्यासाठी कुठलं कॉलेज न् कुठलं हॉस्पिटल एकत्र आलं होतं? घरचे म्हणाले जा, आणि आपण गेलो. मला तू भेटलीस. ज्या मुलींच्या शेजारी तू नव्हतीस, त्या आठवड्याच्या आत परत गेल्या.

म्हणूनच त्या एका मुलीनं माझ्या जिवाला घोर लावला. उंच, सडसडीत, डोळे असे की भिंतीवरची मुंगीही सुटणार नाही. तिला कॉलेजात शिकता शिकता हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम शिकायचं होतं. तिथली जागा फक्त फोनवरच्या मुलाखतीनं मिळायची, आणि ही अडगळीच्या खोलीत गेली की शांतता! मी घंटी देते, रिसीव्हर उचलल्याचं कळतं, पुढे काही नाही. मी समजावते, लाडीगोडी करते, ओरडते. काही नाही. सगळ्यांचाच आवाज फार बारीक येतो, तुमच्या फोनमध्येच खोट असणार, अशी मी हार्डवेअरवाल्यांकडे तक्रार केली. ते म्हणाले, "एवढंच ना? वाढवून देतो." आणि त्यांनी काय करावं? खालच्या वाचनदालनात वेळ संपल्याची सूचना द्यायचे जे कर्णे आहेत, त्यांच्या यंत्रातून आमची तार फिरवून आणली.

आणि नेमकी त्याच दिवशी खाली 'पुढचं दार'ची सभा. कॉलेजचे प्राध्यापक, खुद्द हार्डवेअरवाले, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, सगळे विराजमान. वर मला काय कल्पना! मी मुलीला आत पाठवलं, घंटी दिली, आणि तिची भीड चेपावी म्हणून आईच्या मायेनं बोलायला लागले. म्हटलं, बाळ, या मोठ्या माणसांना कसली घाबरतेस? ते प्राध्यापक एकेक शब्द तिजोरीतून काढल्यासारखा काढतात आणि पुन्हा आत ठेवतात. हार्डवेअरवाल्यांचं निम्मं लक्ष आपला केसांचा टोप सरकला का याच्यावर असतं. आणि प्रयोगशाळेच्या त्या बाई करारी दिसतात खऱ्या, पण मागच्या सभेत खुर्चीत बसल्याबसल्या घोरत होत्या, मी स्वतः बघितलंय. (आवाज जिन्यातून घुमतोय असं वाटलं मला. म्हटलं, खोली मोठी आहे.) मग म्हटलं, स्वतःबद्दल नको सांगूस, समोर काय दिसतंय ते सांग.

आणि काय सांगू तुला, कानात खणखणीत आवाज आला! म्हणाली, "समोर तीन पायांची खुर्ची आहे. ती चौथा पाय शोधत असल्यासारखी भिंतीला टेकलीय. पृथ्वीचा गोल आहे, पण त्याचा दांडा मोडलाय, म्हणून समुद्र वर आलाय आणि सगळे देश खाली तोंड करून आहेत. त्याच्यावर कोळ्यानं जाळं विणलंय. कोळी आता नाहीये, पण एक माशी अडकलीय आणि तिचा एकच पाय हलतोय." मी भारावून ऐकतेय, तोवर सूनबाई धापा टाकत जिना चढून आल्या आणि दोन्ही हातांनी 'ठेवा, ठेवा' करायला लागल्या. मुलगी बाहेर आली. जिन्याखाली, कर्ण्यांतून सगळं ऐकून, अख्खं दालन माना वर करून उभं. रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा तेवढे म्हणाले, "मग, सुटली का माशी?" मुलीनं एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मागच्या दारानं जी पळाली ती पळालीच.

माझं काय झालं ते विचारू नकोस. प्राध्यापक म्हणाले, "आपले निरीक्षण मार्मिक आहे," आणि वाक्य खरोखरच परत तिजोरीत ठेवलं. हार्डवेअरवाल्यांचा हात आधी डोक्याकडे गेला. प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मुलगी कोण, तेवढं विचारलं. उद्या सकाळी मी तिला फोन करणार, म्हणाल्या, पण नियम सगळ्यांना एकच. तिनं उचलला नाही तर जागा पुढच्या मुलीला.

सकाळी उठून मी तिचं घर शोधत गेले. एका खोलीचं घर, आतल्या कोपऱ्याला पडदा. आई शिवणयंत्रावर बसलेली, आणि फोन यंत्राच्या फळीवर चिंध्यांमध्ये. प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन येणार, असं मी सांगितलं, तर आई म्हणाली, "कालपासून पडद्याआड आहे. सख्ख्या आत्याचा फोन घेत नाही ती, या बाईंचा कसला घेतेय!" मी पडद्याला उद्देशून क्षमा मागितली. चूक माझी, तुझं बोलणं तर सगळ्यांना आवडलं, असं सांगितलं. पडदा हलला नाही. तेवढ्यात फोन वाजला.

अगं, माझ्या हाताला काय शिवशिवलं म्हणून सांगू! जन्मभर वाजलेला फोन उचलणारी बाई मी. वाटलं, घ्यावा आणि तिच्या आवाजात बोलावं. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. कारण तू माझ्यासाठी एकदा बोललीस ते ठीक, गिऱ्हाईक गादीवाला होता. इथे त्या मुलीला आयुष्यभर स्वतःच बोलायचं होतं. फोन वाजत राहिला. आईचं यंत्र थांबलं. पडदा सरकला, मुलगी आली, तिनं चिंध्या बाजूला केल्या आणि उचलला.

"मीच बोलतेय," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय, पण तुम्ही विचारा." पलीकडून काय विचारलं कोण जाणे. ही भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मला बारीक गोष्टी बघायला आवडतात. आईच्या सुईत दोरा मीच ओवते. सगळे एखाद्या गोष्टीला घाण म्हणतात ना, तेव्हा मला वाटतं, त्यात काय काय आहे ते बघावं." मग बराच वेळ हो, नाही, हो. मग एकदम हसली आणि म्हणाली, "नाही हो बाई, खोलीतून निघताना माशी मीच सोडवली." फोन ठेवून ती आईशेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आई घाबरून विचारते, "नाही म्हणाल्या का?" तर ही मान हलवते, हो पण आणि नाही पण. जागा मिळाली होती!

आता सकाळी कॉलेज, दुपारी प्रयोगशाळा. प्रमुख बाईंची परवा तक्रार आली, ही पोरगी सूक्ष्मदर्शकात जे दिसेल ते मोठ्यांदा सांगत बसते, बाकीचे काम टाकून ऐकतात. मी म्हटलं, बोलायला शिकवण्याचा मला हुकूम होता, गप्प बसवायला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या हॉलमध्ये यंत्रं आली, बोर्ड उतरवले, आणि आपण शेवटच्या दिवशी पर्स घेऊन पायऱ्यांवर उभ्या होतो, तेव्हा मला वाटलं होतं, जे येत होतं ते आता कुणाला नको. इतकी वर्षं मी तसंच समजून राहिले. परवा नर्सिंगवाला मुलगा हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाला, "बाई, मी हसतोय, ऐकू जातंय का?"

भावोजींना नमस्कार, मांजराला धपाटा. उत्तर लगेच धाड.

तुझीच,
पलीकडची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या महिन्यापासून वर्गाला दोन शिक्षिका आहेत असं मी जाहीर केलंय. दुसरी तू. सूनबाईंनी तुझ्यासाठी कपाट रिकामं केलंय. भावोजींनाही आण. हार्डवेअरवाल्यांना बसून बोलायला माणूस हवाच आहे.

ता. क. आणखी एक. फोन न करता पत्र का, असा प्रश्न तुला पहिल्या ओळीलाच पडला असेल. मुलं पुटपुटत नाहीत गं. माझा उजवा कान गेल्या वर्षीपासून जवळजवळ गेलाय आणि जुन्या सवयीनं मी रिसीव्हर त्याच कानाला लावते. ती पोरगी बहुधा पहिल्या दिवसापासून बोलत होती. घरी कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. फक्त ये. दोघींचे मिळून तीन कान होतात, एका वर्गाला पुरे.